छातीतली बुरशी जिवंत आहे का? थुंकीच्या डबीपासून कल्चरच्या रिपोर्टपर्यंत

दोन-तीन अँटिबायोटिक बदलून झाली, सीबीनॅटवर टीबी निघाला नाही, तरी एक्स-रेमधली सावली वाढतेच आहे. असा पेशंट ग्रामीण रुग्णालयातून जिल्ह्याच्या ठिकाणी आला की चिठ्ठीवर एक ओळ येते : थुंकी, फंगल कल्चर, म्हणजे नमुन्यातली बुरशी प्लेटवर वाढवून बघणे. आपल्याकडे असे पेशंट बहुतेक ठरावीक गटांतले असतात. जुन्या टीबीने फुफ्फुसात पोकळी राहिलेले, साखर आटोक्यात नसलेले, दम्यासाठी नाहीतर सांधेदुखीसाठी महिनोन्‌महिने स्टिरॉइड खाल्लेले, एचआयव्ही असलेले, केमोथेरपी चालू असलेले. २०२१ नंतर म्युकरचे नाव गावोगावी माहीत झाले, पण छातीतल्या बुरशीत आमच्या प्रयोगशाळेच्या टेबलावर सगळ्यात जास्त दिसते ती अ‍ॅस्परजिलस.

बुरशीच्या खुणा सांगणाऱ्या तपासण्या आता बऱ्याच आहेत. गॅलॅक्टोमॅनन ही अ‍ॅस्परजिलसच्या भिंतीतली साखर, ती रक्तात किंवा फुफ्फुस धुतलेल्या पाण्यात मोजता येते. पीसीआर डीएनए पकडतो, आणि मेलेल्या बुरशीचा डीएनएही तो पकडतो. बुरशी जिवंत आहे हे दाखवणारी रोजच्या वापरातली तपासणी मात्र कल्चरच. जात नक्की ठरवायची, औषध लागू पडते का बघायचे, तर वाढलेली बुरशी हातात असावी लागते. अडचण अशी की नमुन्यातली बुरशी वाटेत मरू शकते आणि हवेतली बुरशी प्लेटवर हमखास जगते. पुढची सगळी मेहनत या दोन गोष्टींसाठी आहे.

सुरुवात नमुन्यापासून. सकाळी उठल्यावर, साध्या पाण्याने चूळ भरून, खोल खोकून काढलेला बेडका लागतो. तीन दिवस, रोज सकाळी एक, ५ ते १० मिली. दिवसभराची थुंकी एकाच डबीत साठवून पाठवतात, ती नको : उशिरा वाढणारी बुरशी त्यात तोंडातल्या जंतूंखाली आणि कॅन्डिडा या तोंडातल्याच बुरशीखाली दबून जाते. 'थुंकी द्या' म्हटले की माणूस लाळ देतो, म्हणून आशाताई समजावतात ते शब्द आम्ही तसेच उचललेत : "आजी, थुंका नाही पायजे, छातीतला खकार पायजे." खकार सुटत नसेल तर ३ टक्के मिठाच्या पाण्याची वाफ नेब्युलायझरने देऊन काढतात. ब्रॉन्कोस्कोपीची सोय असेल तिथे बीएएल, म्हणजे फुफ्फुसाचा भाग धुऊन परत ओढलेले पाणी, सगळ्यात उत्तम. ते किमान १० मिली तरी हवे.

डबी रुंद तोंडाची, निर्जंतुक, फिरकीच्या झाकणाची. आत काही घालायचे नाही. फुफ्फुसाचा तुकडा काढला असेल तर तो दोन बाटल्यांत जायला हवा : पॅथॉलॉजीसाठी फॉर्मॅलिनमध्ये, कल्चरसाठी निर्जंतुक सलाईनमध्ये. ऑपरेशन थिएटरमधून दोन्ही बाटल्या फॉर्मॅलिनच्याच येणे ही सगळ्यात महाग पडणारी चूक आहे. फॉर्मॅलिनमध्ये बुरशीचा आकार टिकतो, जीव राहत नाही, आणि तो तुकडा दुसऱ्यांदा काढता येत नाही.

दुसरी हमखास होणारी गोष्ट म्हणजे टीबीच्या तपासणीतून उरलेली थुंकी फंगलसाठी पाठवणे. सीबीनॅटच्या रिएजंटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल असते. टीबी कल्चरसाठीही थुंकी सोडियम हायड्रॉक्साइडने धुतात. टीबीचा जंतू त्या धुण्यातून तगतो, बुरशीतल्या बऱ्याच जाती तगत नाहीत. म्हणून टीबीच्या टेबलावर डबी उघडताच, काहीही मिसळायच्या आधी, फंगलचा वाटा वेगळ्या डबीत काढून ठेवायचा. हे त्या टेबलावरच्या माणसाला सांगून ठेवावे लागते, आणि माणूस बदलला की पुन्हा सांगावे लागते.

नमुना दोन तासांत प्रयोगशाळेत यावा असे नियम म्हणतो. विदर्भातल्या धारणी, एटापल्ली, झरी जामणीसारख्या लांबच्या तालुक्यांकडून तो दोन तासांत येत नाही. मग लसीच्या कॅरिअरमध्ये, २ ते ८ अंशांत, आईसपॅक आणि डबी यांच्यामध्ये कागदाची घडी ठेवून, २४ तासांच्या आत. मे महिन्यात उघड्या पिशवीतून आलेल्या डबीत तोंडातले जिवाणू इतके माजलेले असतात की बुरशीला जागाच उरत नाही. म्युकरच्या बाबतीत मात्र थंडी अपायकारक ठरते, त्याचे धागे फ्रिजमध्ये मरू लागतात. म्युकरचा संशय असलेला तुकडा सलाईनमध्ये, पंचवीस अंशांच्या आसपास, त्याच दिवशी माणसाच्या हाती पाठवावा. चिठ्ठीवर 'म्युकरचा संशय' हे शब्द असले तर पुढे टेबलावर हाताळणीही बदलते, म्हणून ते लिहिणे डॉक्टरांनी टाळू नये. अँटिफंगल सुरू केले असेल तर तेही लिहावे. नमुना पहिल्या डोसच्या आधी घेतलेला बरा, पण कल्चरच्या वाटेकडे डोळे लावून औषध थांबवू नये.

डबी आली की बायोसेफ्टी कॅबिनेट आधी दहा मिनिटे चालू ठेवतो आणि खोलीतला कूलर बंद करतो. उन्हाळ्यात कूलर बंद म्हटले की खोलीत बसवत नाही, तरीही बंद. ओलसर वुडवूलच्या जाळ्या म्हणजे बुरशीचे घरच, आणि त्यातून वारा थेट टेबलावर येतो.

थुंकीतला पांढरा-पिवळा, रक्ताळलेला किंवा तपकिरी गाठीसारखा भाग निवडून घ्यायचा, पाणचट लाळ सोडून द्यायची. खूप चिकट असेल तर डायथायोथ्रेटॉल सम प्रमाणात घालून हलवतो आणि पंधरा मिनिटे ठेवतो. बीएएल १५०० जी वर दहा-पंधरा मिनिटे फिरवून खालचा गाळ, साधारण अर्धा मिली, वापरतो. जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर, आरपीएम (मिनिटाचे फेरे) नव्हे. रोटरच्या त्रिज्येप्रमाणे आरपीएम बदलतो, तेव्हा आपल्या मशीनचा हिशोब एकदा करून झाकणावर चिकटवून ठेवावा.

पहिली स्लाइड १० टक्के केओएचची, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडची. ते बेडक्यातल्या पेशी विरघळवते आणि बुरशी उघडी पडते. एक थेंब नमुना, एक थेंब केओएच, वर कव्हरस्लिप, पाच-दहा मिनिटे थांबायचे. तुकड्यासाठी २० टक्के आणि जास्त वेळ. स्लाइड ज्योतीवरून नुसती फिरवली तर चालते, उकळली तर स्फटिक होतात आणि काही दिसत नाही. अ‍ॅस्परजिलसचे धागे ३ ते ६ मायक्रॉन जाड, एकसारखे, आडव्या पडद्यांचे, साधारण ४५ अंशांत फाटे फुटणारे. म्युकरचे रुंद, ६ ते १६ मायक्रॉन किंवा त्याहूनही जास्त, वेडेवाकडे, पडदे जवळजवळ नसलेले, फाटे काटकोनाकडे झुकलेले. फ्युजेरियम, सिडोस्पोरियम स्लाइडवर अ‍ॅस्परजिलससारखेच दिसतात, म्हणून इथे नुसते 'पडदे असलेले धागे दिसले' एवढेच लिहायचे, जातीचे नाव घालायचे नाही.

कापसाच्या मुलखात इथे एक फसवणूक ठरलेली आहे. दसऱ्यापासून पुढे जिनिंग चालू असते, हिंगणघाट-वणी भागात तर हवेतच कापूस असतो, आणि पेशंटच्या रुमालातून, पदरातून, आमच्या बोळ्यातून त्याचे तंतू नमुन्यात येतात. कापसाचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली चपटा, पीळ पडलेला, फितीसारखा दिसतो. नवख्या डोळ्याला तो म्युकरच वाटतो. कॅल्कोफ्लोर व्हाइट लावले तर घोळ वाढतो, कारण हा रंग बुरशीच्या कायटिनला धरतो तसा सेल्युलोजलाही धरतो, आणि कापूस म्हणजे जवळजवळ सगळा सेल्युलोज. तोही झगझगीत चमकतो. फरक असा : कापसाला ठरावीक अंतराने पीळ असतात, फाटे कधीच फुटत नाहीत, आणि तंतू कव्हरस्लिपच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. धाग्याला खरा फाटा दिसल्याशिवाय म्युकर लिहू नये. आणखी एक : टीबीच्या ऑरामाइन रंगासाठी आलेला एलईडी सूक्ष्मदर्शक कॅल्कोफ्लोरसाठी चालेलच असे नाही. ऑरामाइनला निळा प्रकाश लागतो, कॅल्कोफ्लोरला अतिनील. फिल्टर नसेल तर चमक येत नाही आणि नमुना निगेटिव्ह वाटतो.

केओएचमध्ये धागे दिसले की तो निकाल त्याच दिवशी फोनने कळवायचा. कल्चरसाठी थांबायचे नाही.

मिडिया, म्हणजे बुरशी वाढवायचे खाद्य, ते सॅबुरो डेक्स्ट्रोज अगर. पेप्टोन १० ग्रॅम, डेक्स्ट्रोज ४० ग्रॅम, अगर १५ ग्रॅम, पाणी १ लिटर, पीएच ५.६. तयार पावडर असेल तर ६५ ग्रॅम. १२१ अंशांवर १५ मिनिटे. जिवाणू दाबण्यासाठी लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरॅम्फेनिकॉल थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून आधीच घालता येते, ते उष्णता सोसते. सायक्लोहेक्झिमाइड असलेला मिडिया त्वचेच्या नायट्यासाठी असतो, फ्रिजमध्ये तो शेजारीच ठेवलेला असतो, आणि दिसायला सारखा. त्यावर अ‍ॅस्परजिलस, म्युकर आणि क्रिप्टोकॉकस (गोल पेशींची यीस्ट बुरशी) तिघेही दबतात. छातीच्या नमुन्याला तो एकट्याने कधीच वापरायचा नाही. आम्ही दोन्हींच्या झाकणांवर वेगवेगळ्या रंगाची पट्टी लावतो. कोरड्या हवेत नेहमीची २० मिलीची प्लेट दोन आठवड्यांत तडकते, म्हणून ती जवळजवळ ४० मिली भरायची आणि इनक्युबेटरच्या तळाशी पाण्याचे भांडे ठेवायचे. उतरत्या अगरच्या ट्यूब जास्त टिकतात आणि जास्त सुरक्षितही.

नमुना लावताना प्लेटच्या पाठीवर मार्करने जागा खुणावून ठेवतो : चार ठिपके, नाहीतर 'सी' अक्षराच्या रेघा. डोळ्याच्या बुबुळाच्या नमुन्यांची ही जुनी पद्धत छातीच्या नमुन्यालाही तितकीच कामाची आहे. वाढ रेघेवर असेल तर ती नमुन्यातून आली. रेघेपासून लांब, कडेला एकटी उगवली असेल तर ती बहुधा हवेतून पडली. प्रत्येक खेपेला एक रिकामी प्लेट कॅबिनेटमध्ये तेवढाच वेळ उघडी ठेवून सोबत इनक्युबेटरमध्ये जाते. तिच्यावर काही उगवले तर त्या खेपेच्या सगळ्या निकालांकडे पुन्हा बघायचे.

तुकडा असेल तर तो दळायचा की नाही हा प्रश्न येतो. म्युकरच्या धाग्याला पडदे नसतात, एका जागी चिरला की आतला जीवद्रव वाहून जातो आणि लांबच लांब धागा मरतो. खलबत्त्यात घोटलेल्या तुकड्यातून म्युकर वाढत नाही, जरी स्लाइडवर तो ढिगाने दिसला असला तरी. त्याला ब्लेडने मिलिमीटरभराचे काप करून अगरमध्ये हलकेच दाबायचे. उलट हिस्टोप्लाझ्मा ही बुरशी पेशंटच्या पेशींच्या आत लपलेली असते, ती घोटल्याशिवाय बाहेर येत नाही. चिठ्ठीवर संशय लिहिलेला असावा तो यासाठी. काहीच लिहिले नसेल तर तुकडा दोन भागांत विभागतो, एक कापतो, एक घोटतो.

प्लेटची एक जोडी २५ अंशांत, एक ३७ अंशांत. पुस्तकात २५ अंशांच्या ठिकाणी 'खोलीचे तापमान' असे लिहिलेले आढळते. ते वर्ध्या-चंद्रपूरच्या मे महिन्यासाठी लिहिलेले नाही. बाहेर पारा ४५ च्या वर आणि खोलीत ४० असताना क्रिप्टोकॉकसची वाढ थांबते, पण अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस ४८-५० अंशांपर्यंत मजेत वाढतो. म्हणजे उन्हाळ्यात बाहेर ठेवलेली प्लेट आपोआप फ्युमिगेटसची निवड करते आणि बाकीच्यांना गाळते. म्हणून गार करणारा बीओडी इनक्युबेटर ही इथे चैन नाही. तो इन्व्हर्टरवर हवा, आणि आत कमाल-किमान नोंदवणारा थर्मामीटर हवा, कारण दुपारी भारनियमनात तापमान चढून संध्याकाळपर्यंत पुन्हा खाली आलेले असते आणि दारावरचा आकडा काहीच सांगत नाही.

पहिला आठवडा रोज बघायचे, पुढे आठवड्यातून दोनदा, चार आठवड्यांपर्यंत. हिस्टोप्लाझ्माचा संशय असेल तर सहा ते आठ आठवडे. म्युकर एक-दोन दिवसांत उगवतो आणि तीन-चार दिवसांत झाकणाला टेकतो. अ‍ॅस्परजिलसला दोन ते पाच दिवस. प्लेट कॅबिनेटबाहेर उघडायची नाही, आणि वास तर कधीच घ्यायचा नाही. दहा दिवसांनंतर सावकाश वर येणारी पांढरी, कापसासारखी वाढ दिसली तर सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासाठी तिला टेपही लावायची नाही आणि स्लाइड कल्चरही करायचे नाही. ती हिस्टोप्लाझ्मा असू शकते, आणि तिचे बीजाणू टेबलावरच्या माणसाच्या छातीत जातात. ट्यूब बंद करून वरच्या दर्जाच्या प्रयोगशाळेत पाठवायची.

बाकीच्यांची ओळख पारदर्शक टेप आणि लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू या रंगावर होते. फ्युमिगेटस धुरकट निळा-हिरवा, बीजाणूंचा स्तंभ वर जाणारा, फायलाइड (बीजाणू तयार करणाऱ्या पेशी) एकाच ओळीत आणि डोक्याच्या फक्त वरच्या भागात. फ्लेव्हस पिवळा-हिरवा, देठ खरखरीत. नायजर काळा. टेरियस दालचिनीच्या रंगाचा, आणि तो ओळखणे फार महत्त्वाचे, कारण त्याच्यावर अ‍ॅम्फोटेरिसिन हे अँटिफंगल चालत नाही. बीजाणू येतच नसतील तर बटाट्याच्या अगरवर उतरवून बघायचे.

आता सगळ्यात अवघड निर्णय. सोयाबीनची मळणी चालू असलेल्या दिवसांत शेतमजुराच्या थुंकीत अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस वाढला. जिवंत आहे, यात शंका नाही. पण तो रोग आहे की श्वासातून आत गेलेली धूळ? एका नमुन्यातली एक वसाहत आम्ही रोग म्हणून कळवत नाही. तिन्ही दिवसांच्या नमुन्यांत तीच जात, रेघेवर, एकाहून अधिक वसाहती, आणि त्याच नमुन्याच्या केओएचमध्ये धागे : असे जुळले की वजन येते. केओएचमध्ये नुसते गोल बीजाणू दिसले तर ते धुळीचे असू शकतात, धागे म्हणजे बुरशी आत वाढते आहे. मात्र केमोथेरपीच्या किंवा पांढऱ्या पेशी घटलेल्या पेशंटमध्ये एकच वसाहतही आम्ही लगेच कळवतो. जुन्या टीबीच्या पोकळीवाल्या पेशंटमध्ये सोबत रक्तातील अ‍ॅस्परजिलस आयजीजी (बुरशीविरुद्धची प्रतिपिंडे) मागवायला सांगतो, कारण दीर्घकाळच्या आजारात कल्चर निगेटिव्ह येऊनही ती तपासणी बोलते. थुंकीतला कॅन्डिडा जवळजवळ नेहमी तोंडातला असतो. 'कॅन्डिडा वाढला' एवढे वाचून अँटिफंगल सुरू होते, म्हणून आम्ही रिपोर्टमध्ये त्याखाली एक ओळ घालतो की फुफ्फुसाच्या तुकड्यात पुरावा नसेल तर याला न्यूमोनियाचे कारण धरू नये.

क्रिप्टोकॉकससाठी इंडिया इंक आणि युरिएज या तपासण्या तर आहेतच, पण खरा उपयोगी मिडिया आपल्या शेतातलाच आहे. कारळ. ५० ग्रॅम कारळे कुटून लिटरभर पाण्यात अर्धा तास उकळायचे, मलमलीतून गाळायचे, त्यात डेक्स्ट्रोज, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट प्रत्येकी १ ग्रॅम, अगर १५ ग्रॅम, क्लोरॅम्फेनिकॉल. या बियांतल्या फिनॉलपासून क्रिप्टोकॉकस मेलॅनिन करतो आणि त्याच्या वसाहती तपकिरी होतात. कॅन्डिडा पांढराच राहतो. बाजारातले भाजलेले कारळे घेऊ नयेत, आणि कीटकनाशक लावलेले बियाणेही नको.

न्यूमोसिस्टिस ही बुरशी मात्र यात बसत नाही. तो अगरवर वाढतच नाही, कितीही थांबा. एचआयव्हीच्या पेशंटमध्ये सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) २०० च्या खाली आणि कोरडा खोकला असेल तर कल्चरची चिठ्ठी निरुपयोगी आहे. बीएएल किंवा वाफेने काढलेल्या थुंकीवर सिल्व्हर स्टेन, इम्युनोफ्लुरेसन्स नाहीतर पीसीआर मागवावा. नेहमीची अँटिफंगल ज्यावर घाव घालतात ते अर्गोस्टेरॉल त्याच्या आवरणात नसते, त्यामुळे ती त्याच्यावर चालत नाहीत, कोट्रायमॉक्साझोल चालते.

फ्युमिगेटस पक्का झाला की औषधाची चाचणी. संत्र्यावर, सोयाबीनवर, मिरचीवर जी टेब्युकोनॅझोल, हेक्झाकोनॅझोलसारखी बुरशीनाशके फवारतात ती इट्राकोनॅझोल-व्होरिकोनॅझोलच्याच कुळातली. शेतात त्यांना सरावलेला फ्युमिगेटस पेशंटच्या औषधालाही दाद देत नाही, आणि भारतात अशा जाती सापडल्या आहेत. आमच्याकडे चाळणी म्हणून चार खणांची प्लेट : एका खणात इट्राकोनॅझोल ४ मिलिग्रॅम प्रति लिटर, दुसऱ्यात व्होरिकोनॅझोल २, तिसऱ्यात पोसाकोनॅझोल ०.५, चौथा साधा. साध्या खणात वाढ झालीच पाहिजे, नाहीतर प्लेट बाद. औषधाच्या खणात वाढ दिसली तर ती ट्यूब चंडीगडच्या पीजीआयसारख्या मोठ्या प्रयोगशाळेत, तिहेरी वेष्टनात, एमआयसीसाठी, म्हणजे बुरशी रोखायला लागणारे औषधाचे किमान प्रमाण मोजायला. प्लेट कुरिअरने कधीच पाठवू नये.

निगेटिव्ह रिपोर्ट चार आठवड्यांनीच अंतिम होतो. आधी जातो तो 'अद्याप वाढ नाही' असा. केओएचमध्ये धागे आणि कल्चर निगेटिव्ह असे निघाले तर दोन्ही ओळी शेजारी शेजारी लिहून कारणांचा अंदाज द्यावा : औषध आधी सुरू झाले होते का, नमुना उशिरा आला का, तुकडा घोटला गेला का, की पोकळीतल्या बुरशीच्या गोळ्याचा मेलेला गाभाच हाती लागला. वापरलेल्या प्लेट ऑटोक्लेव्ह करूनच पिवळ्या पिशवीत जातात.

वाढलेली बुरशी फेकू नये. महिन्या-दोन महिन्यांनी औषधाने फरक पडत नाही म्हणून डॉक्टर पुन्हा विचारतात, तेव्हा मूळ जात हातात असावी लागते. उणे ७० चा फ्रीजर इथे बहुतेकांकडे नाही. बीजाणू आलेल्या वसाहतीचा छोटा तुकडा निर्जंतुक डिस्टिल्ड वॉटरच्या फिरकीच्या बाटलीत टाकून, झाकण घट्ट करून, २५ अंशांच्या त्याच इनक्युबेटरच्या खालच्या कप्प्यात ठेवला तर बहुतेक जाती वर्षानुवर्षे जिवंत राहतात. बाटलीवर नमुना क्रमांक, जात आणि तारीख पेन्सिलीने लिहावी, कारण मार्करची शाई अल्कोहोलच्या बोळ्याने पुसली जाते. वर्षातून एकदा प्रत्येक बाटलीतला थेंब नव्या अगरवर टाकून ती अजून वाढते का ते बघावे.